ओटिएनो म्हणजे रात्री जन्मलेला (नैरोबीतल्या शनिवारच्या वर्गासाठी सल्ला हवा आहे)

जाकरांडा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मी नैरोबीत पार्कलँड्सला राहते, हे नववं वर्ष. इथून मटाटूने (आपली वडाप समजा, फक्त आत डिस्कोचे दिवे आणि कानठळ्या बसवणारी गाणी) थोड्याच अंतरावर कांगेमी नावाची दाट वस्ती आहे. तिथे एका चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका दर शनिवारी दुपारी मुलांचं वाचन घेतात. सगळे त्यांना म्वालिमू म्हणतात, म्हणजे बाई. दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. माझं काम म्हणजे चहा करणं, मंडाझी (तळलेले गोडसर पाव) वाटणं आणि पुस्तकांना कव्हरं घालणं.

गेल्या महिन्यात म्वालिमूंनी मुलांना पूर्ण नाव आणि त्याचा अर्थ सांगायला लावलं. बारा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. "ब्रायन." पुढे? गप्प. मग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत, "ओटिएनो." अर्थ? माहीत नाही. म्वालिमू म्हणाल्या, अरे, तुम्हा लुओ लोकांत जन्मवेळेवरून नाव ठेवतात. ओन्यांगो सकाळी ऊन वर आल्यावरचा, अचिएंग भर दुपारची, ओकोथ पाऊस पडत असतानाचा. आणि ओटिएनो रात्री जन्मलेला.

मागून कुणीतरी बोललं, "रात्रीचा, म्हणून एवढा काळा!" खोलीभर हशा. हसणारी मुलंही तितकीच काळी. मला काय बोलावं सुचेना, मी चहाच्या किटलीकडे गेले.

पुढच्या शनिवारी म्वालिमूंनी त्याच्या आजीला बोलावलं. आजी गोष्ट सांगायला लागल्या, थोडं लुओ, थोडं किस्वाहिली, मध्येच इंग्रजी. इंग्रजी शब्द आला की मुलं फिदीफिदी हसायची. मातृभाषेच्या वळणाने इंग्रजी बोलणाऱ्याची इथे टर उडवतात, त्याला 'श्रब' करणं म्हणतात. ब्रायन तर टेबलाखाली जायचाच बाकी होता. पण गोष्ट संपताना आजी म्हणाल्या, "थू तिंदा!" आणि पुढे एक ओळ, तिचा अर्थ साधारण असा: माझ्या मामाच्या घरच्या झाडाएवढा मी उंच होवो. लुओ गोष्ट अशीच संपते म्हणे. मला एकदम 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' आठवलं आणि उगाच डोळ्यांत पाणी आलं. मुलं मात्र "पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा" करत होती.

आता प्रश्न. चर्चच्या कमिटीला वाटतं की मुलांना आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटावा म्हणून 'कल्चर डे' करावा. मसाई शुका (अंगावर गुंडाळायचं लाल कापड), मण्यांच्या माळा, ढोल, फोटो. म्वालिमूंना ते पटत नाही. त्या म्हणतात, कपडे उतरवले की अभिमानही दोरीवर वाळत पडतो. यातल्याच काही मुलांच्या शाळेत मातृभाषेत बोललं तर गळ्यात लाकडी पाटी अडकवतात. दुसरा कुणी बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. हे मी फक्त वाचलं होतं. एका मुलीने मला मानेवरचा दोरीचा वळ दाखवला.

बावीस मुलं, पाच भाषा, आठवड्याला दोन तास. तुम्ही काय कराल?

---

खवट_काका | शनिवार, रात्री १०:१५

लेख छान. पण स्पष्ट बोलतो. त्या मुलांना उद्या नोकरी इंग्रजीवर मिळणार आहे, आजीच्या गोष्टीवर नाही. शिवाय आपण बाहेरून जाऊन आफ्रिकेच्या पोरांना त्यांची संस्कृती शिकवायची, म्हणजे गोऱ्यांनी केलं तेच तपकिरी रंगात. आधी आपल्या इमारतीतली पोरं मराठी बोलतात का बघा.

---

जाकरांडा | शनिवार, रात्री १०:३१

काका, शिकवतात म्वालिमू. मी चहा करते. :)

---

रानपाखरू | शनिवार, रात्री ११:०२

पाटीचा प्रकार जुना आहे. केनियाचे लेखक गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेच्या आठवणीत तो लिहिलाय, आणि झाडं लावण्याची चळवळ उभारणाऱ्या वांगारी माथाई यांनीही. माथाईंच्या शाळेत त्या बिल्ल्याला 'मॉनिटर' म्हणत. म्हणजे ज्या बाईला २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं, तिनेही लहानपणी गिकुयू ही मातृभाषा बोलण्यासाठी तो अडकवून घेतला होता. आणि तिच्या कामाचं एक मूळ त्याच भाषेत आहे. आई सांगायची, मुगुमोच्या झाडाचं सरपण आणायचं नाही, ते देवाचं झाड. मुगुमो म्हणजे आपल्या वड-उंबराच्याच कुळातला. पुढे शिकून आल्यावर तिला दिसलं की मुगुमो तुटले तिथले झरे आटले.

गुगींची गोष्ट म्वालिमूंच्या बाजूची आहे. ते इंग्रजीत लिहीत होते, सरकारवर कडक टीका करत होते, तोवर सरकारने फारसं मनावर घेतलं नाही. १९७७ साली लिमुरूजवळच्या कामिरीथू गावात त्यांनी गावकऱ्यांसोबत गिकुयूत नाटक बसवलं. शेतमजूर, बुटांच्या कारखान्यातले कामगार नट झाले, गावाने स्वतः उघडं नाट्यगृह बांधलं. तालमीत म्हातारे उठून सांगायचे, आमच्या वेळी असं बोलत नव्हते, वाक्य बदला. काही आठवडे प्रयोग झाले, मग परवाना रद्द, आणि डिसेंबरात गुगी कामिटीच्या तुरुंगात. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८२ साली पोलिसांनी येऊन ते नाट्यगृह पाडलं.

आता बघा, त्याच देशात लोकनृत्यांच्या कार्यक्रमांना सरकार टाळ्या वाजवत होतं. नाचाची भीती नव्हती. त्या भाषेत लोक मजुरी आणि जमिनीबद्दल बोलायला लागले, तेव्हा ट्रक भरून पोलीस आले. 'कल्चर डे'बद्दल माझं मत यातच आलं.

---

जाकरांडा | शनिवार, रात्री ११:२०

रानपाखरू, अगदी! इथे १९२७ पासून शाळांचा मोठा संगीत महोत्सव होतो. पोरं जीव तोडून तयारी करतात, खरंच बघण्यासारखा असतो. पण त्यातला विनोद असा की ज्या शाळेत पाटी आहे, तीच शाळा लुओ लोकगीताची ट्रॉफी आणून ऑफिसच्या कपाटात ठेवते. म्हणजे लुओ गायचं, बोलायचं नाही.

---

किलिंदिनी | रविवार, सकाळी ६:५०

माझा जन्म मोंबासाचा, आता ठाण्यात असतो, वय ७८. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. आयडी तिथल्या बंदराच्या नावावरूनच घेतलाय.

खवट_काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कबुली आहे. आमच्या घरी स्वयंपाकाला गिरियामा जमातीचे एक गृहस्थ होते. वय पन्नाशीचं असेल. आई त्यांना 'बॉय' म्हणायची, आम्ही पोरंही. सतरा वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, आणि त्यांच्या नावाचा अर्थ काय हे एकदाही विचारलं नाही. त्यांच्या लोकांची गावाजवळची पवित्र जंगलं असतात, काया म्हणतात. ती २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली तेव्हा मी पेपरात वाचलं. त्या जंगलापासून आमचं घर किती लांब होतं म्हणाल, तर सायकलचा रस्ता. तेव्हा त्या मुलांना स्वतःच्या काळेपणावर हसायला शिकवण्यात आपल्या लोकांचाही हात आहे, फक्त गोऱ्यांचा नाही.

केनिया सरकारने २०१७ मध्ये तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. माझ्या चुलतभावाला फार आनंद झाला. मी त्याला विचारलं, आता तरी शेजारच्यांची भाषा शिकणार का?

जाकरांडाताई, एक सुचवतो. कांगा घेऊन जा. बायका नेसतात ते छापील सुती कापड, त्यावर किस्वाहिलीत एक म्हण छापलेली असते. लहानपणी मालधक्क्यावर मुंबईहून आलेले कांग्यांचे गठ्ठे मी स्वतः बघितलेत. बाई बोलत नाही ते तिचा कांगा बोलतो. नवऱ्याला टोमणा, शेजारणीला टोला, सगळं काठावर छापलेलं. मुलांना म्हणावं, घरातल्या प्रत्येक कांग्यावरची म्हण उतरवून आणा आणि आईने तोच का घेतला ते विचारा. एक म्हण आमच्या आईलाही पाठ होती: हाबा ना हाबा हुजाझा किबाबा. थोडं थोडं करत माप भरतं. थेंबे थेंबे तळे साचे.

---

सोनचाफा | रविवार, सकाळी ९:०५

किलिंदिनी काका, प्रतिसाद फार आवडला. कांग्याची कल्पना भारी.

---

खवट_काका | रविवार, सकाळी ९:३०

काका, नमस्कार घ्या. तरी नोकरीचा मुद्दा उरतोच.

---

धडगावमास्तर | रविवार, दुपारी १:१२

नोकरीच्या मुद्द्यावर बोलतो. मी सातपुड्यात जिल्हा परिषद शाळेत एकवीस वर्षं शिकवलं. माझी पोरं घरी पावरी बोलणारी. पहिली काही वर्षं मीही वर्गात "मराठीत बोल" म्हणून ओरडायचो. पाटी नव्हती, पण पोरांच्या चेहऱ्यावर पाटीच होती. तोंड उघडायचीच नाहीत, मग मराठी तरी कुठून येणार?

नंतर मी साधी गोष्ट केली. वहीचे दोन रकाने. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे माझा. मी रोज पाच शब्द त्यांच्याकडून शिकणार आणि चुकलो तर ते हसणार. नुसत्या पावसालाच पोरांनी इतके शब्द सांगितले की माझा रकाना ओस पडला. ज्या पोराला गणित येत नव्हतं त्याला पस्तीस रानभाज्यांची नावं येत होती. त्या वहीचा मला सगळ्यात मोठा फायदा झाला तो मराठी शिकवायलाच.

तेव्हा काका, आजीची गोष्ट आणि इंग्रजी यांचं भांडण नाही. केनियातही पहिली ते तिसरी त्या त्या भागातल्या भाषेत शिकवावं असं धोरण असल्याचं वाचलंय. पाटी अडकवणारे हेडमास्तर ते वाचत नसतील.

जाकरांडाताई, एकच सल्ला: मुलांच्या देखत तुम्ही शिका. चुका. तुमच्या लुओवर त्यांना हसू द्या. 'श्रब' तुम्ही करा.

---

एल्डोरेटचा_पाहुणा | रविवार, दुपारी ३:४८

सगळ्यांचं पटतंय, पण एक धोक्याची सूचना. मी २००७ च्या शेवटी कंपनीच्या कामासाठी केनियातच, एल्डोरेटला होतो. निवडणुकीनंतर जे झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. अकराशेच्या वर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. १ जानेवारी २००८ ला आमच्यापासून काही किलोमीटरवर चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायकामुलांना जाळलं. रस्त्यावर टोळकी गाड्या अडवून ओळखपत्र मागायची. कशासाठी? नाव वाचायला. किप- किंवा चेप- ने सुरू होणारं नाव म्हणजे कालेंजिन, ओ- ने म्हणजे बहुधा लुओ, कामाऊ-न्जोरोगे म्हणजे गिकुयू. नावावरून कोण मरणार ते ठरत होतं.

आमचा ड्रायव्हर त्या आठवड्यात स्वतःला फक्त 'पीटर' म्हणवत होता.

त्यामुळे कांगेमीतला तो मुलगा पुढचं नाव हळू सांगतो, तेव्हा ती लाजच असेल असं नाही. त्याच्या आईने त्याला तसं शिकवलं असेल. पूर्ण नाव सांगायला लावणं आपल्याकडे जात विचारण्यासारखंच समजा. आपल्या जमातीचा अभिमान शिकवायला जाल आणि भलतंच उगवेल.

---

जाकरांडा | रविवार, रात्री ८:२५

पाहुणे, तुमचा प्रतिसाद वाचून मी दुपारीच म्वालिमूंना फोन केला. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, मला हे माहीत असायला हवं होतं, माझी बहीण तेव्हा नाकुरूत होती, तिथेही हेच झालं.

मग आम्ही असं ठरवलंय. कुणीही स्वतःच्या जमातीची गोष्ट सांगायची नाही. दुसऱ्याची सांगायची. ब्रायनने लुह्या मुलीच्या आजीची गोष्ट ऐकून यायची, तिने एखाद्या काम्बा घरातली. सांगताना त्या भाषेतली निदान सुरुवात आणि शेवट जसाच्या तसा म्हणायचा. किस्वाहिलीत आहेच: सांगणारा ओरडतो "पाउक्वा!" आणि ऐकणारे "पाकावा!"

---

बार्देसकार | रविवार, रात्री ९:१०

मूळ बार्देशचा, आजोबा नैरोबीत सरकारी कचेरीत होते. आमच्याकडे अजून काही शब्द आहेत, पोळीला चपाती म्हणावं की पोळी यावर भांडण होतं तेव्हा आजी म्हणायची, आफ्रिकेत चपातीच म्हणतात, विषय संपला. किस्वाहिलीत गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, बिमा म्हणजे विमा, एम्बे म्हणजे आंबा, लाकी म्हणजे लाख.

नैरोबीत जन्मलेले, केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले पिओ गामा पिंटो आमचेच, गोव्याच्या घरातले. ब्रिटिशांनी त्यांना स्थानबद्ध केलं, आणि स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये त्यांच्याच घराच्या फाटकात, गाडीत मुलगी बसलेली असताना, गोळ्या घातल्या. सगळे भारतीय 'बॉय' म्हणणारे नव्हते, एवढंच सांगायचं होतं. म्हणणारे जास्त होते हेही मान्य.

---

जोझीकर | रविवार, रात्री १०:४४

जोहान्सबर्गहून. इथे प्रश्न केसांवर येतो. २०१६ मध्ये प्रिटोरियाच्या एका नावाजलेल्या मुलींच्या शाळेत मुलींनी आंदोलन केलं, कारण त्यांचे नैसर्गिक कुरळे केस शाळेला 'नीटनेटके' वाटत नव्हते. तेरा वर्षांची पोर मुठी आवळून गार्डसमोर उभी राहिली, तो फोटो जगभर गेला. माझ्या मुलीच्या वर्गातल्या मुली तो फोटो बघून घरी आल्या आणि स्ट्रेटनिंगची क्रीम फेकून दिली असं नाही झालं हां. पण वेणी कशी घालायची हे एकमेकींना विचारायला लागल्या.

आणि इथे भाषेसाठी मुलांनी रक्त सांडलंय. १६ जून १९७६, सोवेटो. आफ्रिकान्स या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून शिकायची सक्ती झाली म्हणून पोरं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळीबार केला. आज त्या दिवशी सुट्टी असते. दुकानांत सेल असतो.

---

कोडवाला | सोमवार, सकाळी ११:००

ॲप का बनवत नाही? नावांचे अर्थ, म्हणी, ऑडिओ. मी फुकट करून देतो.

---

रानपाखरू | सोमवार, सकाळी ११:४०

कोडवाला, मन मोठं आहे तुमचं, पण चाक आधीच फिरतंय. 'आफ्रिकन स्टोरीबुक' नावाचा दक्षिण आफ्रिकेतून चालणारा उपक्रम २०१४ पासून आहे. आफ्रिकन भाषांतली चित्रांची गोष्टीची पुस्तकं, कुणीही छापावी, कुणीही भाषांतर करावं. आपल्याकडच्या प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर त्यातल्या बऱ्याच गोष्टी आहेत, मराठी भाषांतरंही सापडतील. माझ्या भाचीची आवडती गोष्ट कोंबडीची आहे, ती केनियाची आहे हे तिला अजून कळलेलं नाही. जाकरांडा, आजीची गोष्ट लिहून, मुलांकडून चित्रं काढून तिथे चढवा ना. लुओत.

---

मलिकअंबरप्रेमी | सोमवार, दुपारी २:०५

संभाजीनगरहून. मुलांना मलिक अंबर सांगा! इथिओपियात जन्म, गुलाम म्हणून विकला गेला, आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कारभारी झाला, मोगलांना आयुष्यभर पाणी पाजलं. आमचं शहर, तेव्हाचं खडकी, त्यानेच वसवलं, १६१० मध्ये. त्याच्या नहरीचं पाणी आमच्या आजोबांनी प्यायलंय.

---

जाकरांडा | सोमवार, दुपारी ४:३०

सांगून झालंय हो, मागच्या वर्षीच! गोष्ट फार रंगली. शेवटी एका मुलीने विचारलं, "तो परत घरी गेला का?" मी म्हटलं, नाही, खुलदाबादला त्याची कबर आहे. ती म्हणाली, "मग त्याच्या आईला हे कुणी सांगितलं?" त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

---

खवट_काका | सोमवार, सायंकाळी ६:१५

बरं. मास्तरांचा रकान्यांचा मुद्दा पटला. आणि ते झाड कुठलं हो, मामाच्या घरचं? कुणी विचारलंच नाही.

---

जाकरांडा | पुढचा शनिवार, रात्री ९:१५

काका, तुमच्यासाठी खास विचारून आले.

आधी आजचा वर्ग. आजी स्वतःहून आल्या, यावेळी चांगला कांगा नेसून. मी लुओत "बसा, चहा घ्या" म्हणायचा प्रयत्न केला. नक्की काय बोलले देव जाणे, पण आजींनी तोंडाला पदर लावला आणि बावीस मुलं अक्षरशः गडाबडा लोळली. मास्तर, तुमचा सल्ला लागू पडला. ब्रायनने मला तो उच्चार सहा वेळा म्हणायला लावला. सहाव्यांदा मान डोलावली, पण समाधान झाल्यासारखी नाही.

मग त्याने लुह्या गोष्ट सांगितली, मध्ये तीनदा अडला, आणि ज्या मुलीची गोष्ट होती ती मागून शब्द पुरवत होती. मागच्या वेळी "एवढा काळा" म्हणणारी तीच.

तर झाड. गोष्टीतला शब्द आहे 'बाओ'. आजींना विचारलं, कसं असतं? त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. सरळसोट, उंच, सोललेल्या सालीचं. काका, ती नीलगिरी आहे. ऑस्ट्रेलियातून आलेली. म्वालिमूंनी लगेच सांगितलं की ती इथे ब्रिटिशांनी १९०२ च्या सुमारास लावायला सुरुवात केली, रेल्वेच्या इंजिनांना सरपण म्हणून. त्याच रेल्वेला, जी बांधायला बत्तीस हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून आणले होते आणि त्यातले अडीच हजार इथेच मेले.

मी आजींना म्हटलं, म्हणजे तुमच्या गोष्टीतलं झाड बाहेरचं आहे. आजींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्वालिमूंना लुओत काहीतरी म्हणाल्या. म्वालिमू हसायला लागल्या. भाषांतर असं: "हिला विचार, तिच्या मामाच्या घरी कुठलं झाड आहे?"

मामाकडे शेवगा होता, गुहागरला. ब्रायनने तो शब्द वहीत उजव्या रकान्यात लिहून घेतलाय. 'शेवगा', रोमन लिपीत, तीन वेळा खोडून.

---

किलिंदिनी | रविवार, सकाळी ६:२०

शेवगा मोंबासातही होता. आमच्या स्वयंपाकघराच्या मागे. ते गृहस्थ शेंगा काढून द्यायचे.